"लेकरू कोन सांभायते?"

"लेकरू कोन सांभायते?" निराधार योजनेचा अर्ज चाळता चाळता लिपिकाने विचारले. समोर कुबडीच्या आधाराने उभ्या असलेल्या बाईने कडेवरचे मूल सावरले आणि शांतपणे म्हणाली, "मीच. आनखी कोन?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात आज हा संवाद कानावर पडला. कापूस वेचणीचे दिवस असल्याने तिचा नवरा शेतात होता. प्रश्नात दुष्टावा नव्हता, उलट काळजीच असावी. पण शेजारी उभ्या असलेल्या धडधाकट बायांना तो कुणीही विचारला नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 मध्ये दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य देण्याची स्पष्ट तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र, चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शरीराची उणीव मोजते. विहिरीचे पाणी भरताना रांगणाऱ्या मुलाकडे लक्ष कसे ठेवायचे, हे त्यात कुठेच येत नाही. अनुदान हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण पैशाने हात मिळत नाहीत, निदान खेड्यात तरी.

अशा आईच्या घरी दिवसातून दोन तास मदतनीस हवी असेल, तर तिने नेमका कोणाकडे अर्ज करायचा?