आधी रेघ, मग अक्षर

राजहंसगडाचं टायटल परवा रात्री अखेर मनासारखं झालं. तुकडा साडेतीन सेकंदांचा, पण त्यामागे अडीच महिने गेले. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधले तयार टेक्स्ट प्रीसेट, म्हणजे अक्षरं हलवायच्या आयत्या रचना, देवनागरीवर टाकले की नेमकं काय बिघडतं, ते या अडीच महिन्यांत स्वतः करून बघितलं. तुमच्यातले बरेच जण मराठी टायटलं करतात, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

काम काय, तर बेळगावच्या आजूबाजूच्या किल्ल्यांवर छोटे व्हिडिओ: राजहंसगड, वल्लभगड, भीमगड, पारसगड, कित्तूर. शूटिंग रविवारी. बाकी दिवस मी उद्यमबागेत लेथवर असतो, त्यामुळे आफ्टर इफेक्ट्स उघडतं ते रात्रीच्या जेवणानंतर. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, प्रीव्ह्यू कायम हाफवर, म्हणजे अर्ध्या रिझोल्यूशनवर.

सुरुवात सगळ्यांसारखीच टाईपरायटर या प्रीसेटने केली, तो एकेक अक्षर दाखवत जातो. इफेक्ट्स अँड प्रीसेट्स पॅनेल, टेक्स्ट, ॲनिमेट इन, आणि टाईपरायटर उचलून लेयरवर टाकला. टायटलं एका ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून टाईप करून आणली होती, जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. प्ले केलं आणि ‘खानापूर’ शब्द बघून थांबलोच. आधी अर्धा ख आला, मग काना, मग आणखी एक काना. त्या फॉन्टात पूर्ण ख ही एक खूण नाहीच. अर्धा ख आणि काना अशा दोन खुणा मिळून तो होतो, आणि टाईपरायटर बिचारा एकेक खूण प्रामाणिकपणे दाखवतो. ‘निपाणी’ त्याहून वाईट: पहिली ऱ्हस्व वेलांटी एकटीच हवेत उभी, मग तिच्या पोटात न. कागदावर छापायला तो फॉन्ट चांगला आहे, पण अक्षर हलवायचं असेल तर युनिकोडच हवं. सगळी टायटलं मी स्वतः पुन्हा टाईप केली. फॉन्ट घेतला ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्ता’. मोफत आहे, सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाड्यांत, मिळतो आणि जाड वजनातही जोडाक्षरं गुदमरत नाहीत.

युनिकोड टाईप केल्यावर माझ्याकडच्या आवृत्तीत वेलांटी चुकीच्या बाजूला गेली आणि जोडाक्षरं पाय मोडल्यासारखी सुटी झाली. त्याचं औषध प्रेफरन्सेसमध्ये टाईप या पानावर आहे: टेक्स्ट इंजिन लॅटिनवरून साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्नवर न्यायचं. ते करून लेयर नव्याने टाईप केली. तपासायला मी चार शब्द ठरवून ठेवलेत: येळ्ळूर, सौंदत्ती, वल्लभगड, वाऱ्यावर. पहिल्यात ळ्ळ, दुसऱ्यात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर एकत्र, तिसऱ्यात ल्ल, आणि चौथ्यात आपला खास मराठी अर्धा र. हे चार नीट दिसले की पुढे जायला हरकत नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. अक्षरं आता नीट दिसत होती, पण हलायला लागली की डोक्यावरची रेघ तुटायची. इंग्रजी अक्षर सुटं असतं, ते एकटं उडालं, पडलं, फिरलं तरी शेजाऱ्याला धक्का लागत नाही. आपली अक्षरं एका रेघेवर हात धरून उभी असतात. ‘राजहंसगड’वर एकेक अक्षर खालून येणारा प्रीसेट टाकला, तर रा वर, ज मध्ये, हं खाली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर रेघेचा एकेक तुकडा. मोडक्या जिन्यासारखं दिसत होतं. बायकोने मागून बघितलं आणि म्हणाली, “अक्षरं चांगली आहेत की वो, पण रेघ कशाला तोडालाय?”

मग हळूहळू फेड होणारा प्रीसेट घेतला, म्हटलं यात हलणंच नाही. पण 200 टक्के झूम करून एकेक फ्रेम पुढे सरकवली, तेव्हा रेघेवर उजळ ठिपके दिसले, दर दोन अक्षरांच्या सांध्यावर एक. शेजारच्या अक्षरांच्या रेघा तिथे एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. अक्षरं अर्धी पारदर्शक असताना तेवढा भाग जास्त उजळ दिसतो आणि पूर्ण उमटल्यावर ठिपके नाहीसे होतात. चालू व्हिडिओत कदाचित कोणाला दिसणार नाहीत, पण मला एकदा दिसले ते दिसतच राहिले. यावर सोपा मार्ग आहे: हालचाल कुठल्या अक्षरांना लागायची ते ठरवणाऱ्या रेंज सिलेक्टरच्या ॲडव्हान्स्डमध्ये बेस्ड ऑन हे कॅरेक्टर्सऐवजी वर्ड्स करायचं. मग अख्खा शब्द एकत्र उमटतो, रेघ शाबूत राहते. दोन-तीन शब्दांच्या ओळीला हे पुरतं, आणि घाईच्या कामाला मी अजूनही हेच करतो. पण ‘राजहंसगड’ हा एकच शब्द. त्यात अक्षराअक्षराने येण्याची गंमतच जाते.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण त्यांनी माझे चार-पाच दिवस खाल्ले. एक, प्रीसेटच्या कीफ्रेम, म्हणजे हालचालीच्या खुणा, टाइमलाइनवरची चालू वेळेची रेघ जिथे उभी असेल तिथून पडतात, म्हणून टाकण्याआधी ती जागेवर आणायची. दोन, सोबत येणारे प्रीसेट 720 बाय 480 च्या कॉम्पवर (कामाच्या चौकटीवर), 72 पॉइंटच्या अक्षरांवर बनवलेले आहेत. त्यातलं पडद्याबाहेरून येणारं अक्षर आपल्या 1920 बाय 1080 वर पडद्याच्या आतच उगवतं. प्रीसेट बिघडलेला नसतो, अंतर कमी पडत असतं. लेयर निवडून यू दोनदा दाबा, बदललेल्या सगळ्या किमती समोर येतात, तिथे पोझिशनचा आकडा वाढवा. प्रीसेट समजून घ्यायला यासारखी दुसरी वाट नाही. मी वीसेक प्रीसेट असेच उघडून वहीत उतरवले आहेत.

त्या वहीतून एक गोष्ट लक्षात आली. फिरणारे आणि लहान-मोठे होणारे बहुतेक प्रीसेट अक्षराला तळरेषेवर धरतात. इंग्रजी अक्षर तळरेषेवर उभं असतं, म्हणून तिथे ते शोभतं. आपलं अक्षर रेघेला टांगलेलं असतं. ग फिरवायचा तर तो रेघेपासून झुलला पाहिजे, खुंटीला अडकवलेल्या पिशवीसारखा. हे बदलायची जागा मोअर ऑप्शन्समध्ये आहे, ग्रुपिंग अलाइनमेंट. सुरुवातीला तिथे दोन्ही शून्य असतात. दुसरा आकडा उणे केला की धरण्याची जागा वर सरकते. इंग्रजी कॅपिटल अक्षराच्या मध्याला साधारण उणे 50 पुरतं, मुक्तामध्ये रेघेपर्यंत जायला मी उणे शंभराच्या जवळ गेलो. फॉन्टगणिक थोडं इकडेतिकडे होईल, डोळ्याने जुळवा. ॲंकर पॉइंट ग्रुपिंग वर्ड ठेवून रोटेशन 12 अंश दिलं, सिलेक्टर हळूहळू सोडला, आणि ‘पारसगड’ रेघेच्या टोकाला झुलून स्थिर झाला. माझा पहिला स्वतःचा प्रीसेट हा. नाव ठेवलं ‘झोका’.

तरीही एकाच शब्दातली अक्षरं वेगवेगळी आणायचं कोडं सुटलं नव्हतं. ते सुटलं शहापुरात. आमच्या गल्लीतले पेंटर काका एका दुकानाचा बोर्ड रंगवत होते. आता फ्लेक्सच्या जमान्यात त्यांच्याकडे कामं कमी येतात, पण हात तसाच आहे. त्यांनी दोरीला निळी पूड लावली, दोन टोकं ताणून धरली आणि मधून चिमटीत उचलून सोडली. टण्ण! पत्र्यावर सरळ रेघ. मग त्या रेघेखाली खडूने अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी वरच्या मात्रा, वेलांट्या. मी मोबाईलवर माझं तुटकं टायटल दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा बघितलं. “अरे, तू अक्षराबरोबर रेघ पण हलवालायस. आधी दोरी मार की. रेघ नसता अक्षर टांगणार कशाला?”

त्या रात्री बारापर्यंत बसलो. पद्धत सविस्तर सांगतो.

पहिली, रेघ. वेगळ्या शेप लेयरवर एक सरळ स्ट्रोक, फॉन्टच्या शिरोरेषेइतक्याच जाडीचा आणि त्याच रंगाचा, बरोबर तिच्यावर ठेवलेला. त्याला रेघ हळूहळू आखणारं ट्रिम पाथ्स लावून एंड 0 ते 100, 12 फ्रेममध्ये. मी 25 फ्रेमवर काम करतो, म्हणजे साधारण अर्धा सेकंद.

दुसरी, खालची अक्षरं. टेक्स्ट लेयरवर एक चौकोनी मास्क, म्हणजे ज्याच्या आतलं तेवढंच दिसतं अशी खिडकी, रेघेपासून खाली, कॉम्पच्या पूर्ण रुंदीचा. आता पोझिशन ॲनिमेटर, वायला, म्हणजे उभ्या दिशेला, उणे 220, म्हणजे अक्षरं मास्कच्या वर, पूर्ण झाकलेली. रेंज सिलेक्टरचा शेप रॅम्प अप, ऑफसेट उणे 100 ते 100. मास्क जागेवर राहतो आणि त्यातून अक्षरं डावीकडून एकेक खाली उतरतात. बेस्ड ऑन कॅरेक्टर्स ठेवूनसुद्धा रेघ तुटत नाही, कारण प्रत्येक अक्षराची स्वतःची रेघ वाटेत मास्कच्या वर लपलेली असते आणि शेवटी आखलेल्या रेघेखाली जाऊन बसते. डोळ्याला दिसते ती एकच सलग रेघ.

तिसरी, वरच्या खुणा. मास्क रेघेखाली आहे म्हटल्यावर ‘हं’चा अनुस्वार दिसणारच नाही, आणि ‘सौंदत्ती’त तर अर्धा शब्द गायब होईल. म्हणून त्याच लेयरची प्रत काढली, तिचा मास्क रेघेच्या वर, आणि हालचाल उलटी: वायला अधिक 90, म्हणजे खुणा रेघेमागून वर उगवतात. ही प्रत सहा फ्रेम उशिरा सुरू केली. दीर्घ वेलांटीचा दांडा आधी खाली उतरतो आणि मग त्याच्या डोक्यावर तिचा फणा उगवतो. तो क्षण मी पुन्हा पुन्हा चालवून बघितला. काकांच्या हातासारखाच क्रम: रेघ, अक्षर, मात्रा.

प्रीसेट म्हणून जपून ठेवताना ॲनिमेटर आणि मास्क दोन्ही निवडले, मग ॲनिमेशन मेनूतून सेव्ह ॲनिमेशन प्रीसेट. सोर्स टेक्स्ट, म्हणजे टाईप केलेला शब्द, निवडायचं नाही, नाहीतर प्रत्येक नव्या लेयरवर ‘राजहंसगड’च उमटेल. प्रीसेट दोन झाले: ‘उतरण’ आणि ‘उगवण’. पॉइंट टेक्स्ट लेयरचं शून्य तळरेषेवर असतं, त्यामुळे फॉन्ट आणि आकार तोच असेल तर मास्क दर वेळी नेमका रेघेवर बसतो. म्हणून मी अक्षराचा आकार 200 वर कायमचा ठेवलाय, आणि टायटल लहान हवं असेल तर लेयरचा स्केल कमी करतो. मास्कही सोबत लहान होतो, अक्षर फुटत नाही. रेघेची लांबी शब्दाप्रमाणे आपोआप यावी म्हणून सोर्सरेक्टॲटटाइम हे शब्दाचं माप घेणारं एक्स्प्रेशन (सूत्र) लावलं, पण वेळ शेवटच्या फ्रेमची दिली. चालू वेळ दिली तर अक्षरांच्या हालचालीबरोबर माप बदलायला लागतं.

एक फसलेला प्रयोगही सांगतो. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी आमच्या मंडळाने एलईडी पडदा आणला होता, आणि माझं टायटल त्यावर चालवायचं ठरलं. पडदा तीन मीटर रुंद, 3.9 मिलिमीटर पिचचा (दोन पिक्सेलमधलं अंतर), म्हणजे आडवे पिक्सेल फक्त 768. मी 1920 वर मुक्ताच्या हलक्या वजनात, चार पिक्सेलच्या नाजूक रेघेत काम केलेलं. तिथे ती रेघ दीड पिक्सेलची झाली, लुकलुकली आणि मधेच दिसेनाशी झाली. ज्या रेघेसाठी एवढे दिवस घालवले तीच नेमकी गेली, म्हणून त्या रात्री फार वाईट वाटलं. आता मोठ्या पडद्यासाठी एक्स्ट्रा बोल्ड, रेघ किमान दहा पिक्सेल, आणि कॉम्प सुरुवातीपासून पडद्याच्या खऱ्या मापाचा. वेगही कमी केला, रस्त्यावर उभ्या माणसाला वाचायला वेळ लागतो.

सध्या कित्तूरवर अडकलोय. तो व्हिडिओ दोन्ही भाषांत करायचाय, वर मराठी, खाली कन्नड. कन्नड अक्षराला सलग रेघ नसते, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापलं तलेकट्टू, म्हणजे छोटी सुटी खूण, असतं. त्यामुळे ‘उतरण’ तिथे निरर्थक आहे, उलट साधे कॅरेक्टर्सचे प्रीसेट कन्नडवर छान बसतात. प्रश्न ओत्तक्षरांचा, म्हणजे खाली जोडून येणाऱ्या अक्षरांचा आहे. ‘कित्तूर’मधला दुसरा त कन्नडमध्ये पहिल्याच्या पायाशी येतो, आणि तो त्याच्याबरोबर यावा की मागून, हे मला ठरवता येईना. शॉपमधल्या कन्नड मित्राला जेवणाच्या सुट्टीत विचारलं. त्याने ऑइलच्या बोटाने जॉबच्या कागदावर लिहून दाखवलं: आधी वरचं अक्षर पूर्ण, मग खालचं. कागद घडी घालून खिशात ठेवलाय. शनिवारी रात्री खालच्या खुणांची वेगळी प्रत काढून चार फ्रेमच्या उशिराने लावून बघतो.