घोडं अडतं ते बाह्यकोनापाशी

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०° होते, हे कुणालाच जड जात नाही. कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले की सरळ रेषा दिसते. घोडं अडतं ते पुढे, बाह्यकोनापाशी. आणि शिकवताना मला दरवेळी वैताग येतो तो छापील आकृतीचा. पाया आडवा, तोही कायम उजवीकडेच वाढवलेला! त्रिकोण जरा फिरवला की मुलांना बाह्यकोन सापडत नाही.

‘त्रिकोणाबाहेरचा कोन’ एवढीच ओळख करून दिली तर ५०° च्या कोनासमोर मुले बिनदिक्कत ३१०° लिहितात. म्हणून मी आधी बाजू वाढवायला लावतो, तीही लाल पेन्सिलीने. त्रिकोण अबक घ्या: अ ७०°, ब ६०°, क ५०°. बाजू बक ही क च्या पुढे ड पर्यंत वाढवा. कोन अकड हा बाह्यकोन. त्याची एक भुजा त्रिकोणाची बाजू, दुसरी वाढवलेली रेघ. आतल्या कोनाशी त्याची रेषीय जोडी होते, म्हणजे दोघे मिळून सरळ रेषा, १८०°; म्हणून १८० − ५० = १३०°.

आता बक ऐवजी अक ही क च्या पुढे वाढवा. इथेही १३०° चाच बाह्यकोन मिळतो, म्हणजे एका शिरोबिंदूवर दोन, तिन्हींवर मिळून सहा. मात्र दोन्ही बाजू एकदम वाढवल्या तर त्या दोन लाल रेघांमधला कोन ५०° चा निघतो. तो क चा विरुद्ध कोन. बाहेर असला तरी बाह्यकोन नव्हे. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून एका वेळी एकच बाजू वाढवावी.

अ आणि ब हे दूरस्थ आंतरकोन, म्हणजे या बाह्यकोनाला न लागलेले आतले दोन कोन. ७० + ६० = १३०. फाडलेले ते दोन कोपरे बाह्यकोनात ठेवले की फट न राहता बसतात. कारण हवे असेल तर क मधून अब ला समांतर रेषा काढा: एक तुकडा व्युत्क्रम कोन म्हणून अ एवढा, दुसरा संगत कोन म्हणून ब एवढा. फाडण्यापूर्वी कोपरे रंगवायचे, नाहीतर कुठला कोपरा कुठला ते कळत नाही.

कोनमापकावर दोन आकडे दिसतात, ५० आणि १३०. कोन विशाल आहे की लघु ते आधी डोळ्यांनी ठरवावे.

सरावाला हे द्या: बाह्यकोन १४०°, दूरस्थ कोनांचे गुणोत्तर ३:४. सात भागांना १४०, एक भाग २०. कोन ६०°, ८०° आणि उरलेला ४०°.