डाव्या पायाचं काय करायचं?

भाचीनं विजेवरची फोर बाय फोर गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी मला दगडधोंड्यांच्या एका चढावर घेऊन गेली. ती चालवायला, मी शेजारी. चढ सुरू झाला तसा माझा डावा पाय आपोआप पुढे गेला आणि पायाखालच्या मॅटवर जोरात दाबला गेला. क्लच! माझ्या बाजूला तो असण्याचा प्रश्नच नव्हता, पण तिच्या बाजूलाही नव्हता.

"मामा, पाय काय आपटतोयस?"

"मुंगी आली होती," मी म्हटलं.

माझी गाडी चाळिशी ओलांडलेली आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर चारचौघांत तक्रार करणं बरं दिसत नाही. तिच्यात असाच चढ चढायचा म्हणजे फोर-लो टाकायचा (चारही चाकांना संथ पण जोरदार ताकद देणारा टप्पा), पहिला गिअर, अर्धा क्लच, एक डोळा टेम्परेचरच्या काट्यावर आणि तोंडानं तिची मनधरणी. इथं भाचीनं नुसतं पाऊल टेकवलं. मोटरला ताकद काढायला आधी गरगरावं लागत नाही, शून्य फेऱ्यांपासूनच ती पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते, हे वाचून माहीत होतं. पण वाचणं वेगळं आणि बुडाखाली जाणवणं वेगळं. पुढचं चाक धोंड्यावर चढलं, माथ्यावर थबकलं, आणि पलीकडे असं उतरलं की जणू झोपलेल्या मुलाला कुणी गादीवर ठेवतंय. माझी गाडी तिथं एकतर बंद पडली असती किंवा तिनं बेडकासारखी उडी मारली असती.

वर पोचल्यावर तिनं विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली आहे," मी म्हटलं. जुना गवई नव्या पोराला 'वा' म्हणतो ना, त्या आवाजात.

"मग तुला नक्की हवंय तरी काय?"

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर नावाची, ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. तिनं १९६० च्या अखेरीस इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथं 'स्काऊट' नावाची एक ठोकळेबाज गाडी बनवायला घेतली. सगळा कारभार शेतकरी डोक्याचा. छप्पर काढता येई, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. इंजिनाचं काय? तर कंपनीकडे एक व्ही-८ तयार होतं, त्याची एकच बाजू घेतली आणि केलं चार सिलिंडरचं इंजिन. धोतर फाडून दोन पंचे करावेत, तसा रोकडा हिशोब. ते अर्धं इंजिन गाडीतही बसे ते कललेलंच, आपला गेलेला जोडीदार शोधत असल्यासारखं. १९८० मध्ये स्काऊट बंद झाली. तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या होत्या. त्यांचे मालक अजून आपल्या गाडीला लाडानं 'बाइंडर' म्हणतात, कारण कंपनीची मुळं धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रात.

पुढे त्या कंपनीचे तुकडे झाले. ट्रकचा धंदा नॅव्हिस्टार या नावानं उरला आणि २०२१ मध्ये तो फोक्सवॅगन समूहाकडे गेला. जुना वाडा घ्यावा आणि माळ्यावरच्या पेटीत कुणाचं तरी बारशाचं झबलं सापडावं, तसं 'स्काऊट' हे नाव नव्या मालकांच्या हाती लागलं. २४ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी एक पिकअप आणि एक एसयूव्ही दाखवली, दोन्ही विजेवरच्या. मला गंमत वाटली ती त्यांनी काय मिरवलं याची. शिडीसारखी वेगळी चॅसी, मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल, पुढे-मागे लॉक होणारे डिफरन्शियल (एक चाक नुसतं गरगरलं तरी दुसऱ्याला जोर मिळावा म्हणून), आणि दाबल्यावर खरोखर आत जाणारी बटणं! आमच्या तरुणपणी याला गाडी म्हणत. आता त्याची जाहिरात करावी लागते.

बटणांवर हसू नका. त्या दिवशी परतताना एक ओढा लागला. भाची आधी पाण्यात उतरून तळ चाचपून आली (हे मी तिला शिकवलंय, नोंद असावी) आणि ओल्या, चिखलाच्या बोटानं पडद्यावर मोड बदलायला गेली. पडदा दाद देईना. तिनं बोट पँटला पुसलं, पुन्हा टेकवलं, तर गाणं बदललं. माझ्या गाडीत त्या जागी लोखंडी दांडा आहे. त्याला बोटं ओली आहेत की कोरडी याच्याशी घेणंदेणं नाही. तो ओढताना कुरकुरतो, कधी अडून बसतो, पण बसला की तळहाताला कळतं, बसला. खाली बघावं लागत नाही.

ओढ्यानं मात्र माझा पुरता पाडाव केला. पाण्यातून गाडी घालायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण इंजिनाला श्वास लागतो. हवेऐवजी पाणी आत ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकला म्हणून समजा. मोटरला श्वासच नसतो. मर्सिडीजची चार मोटरींची विजेवरची जी-क्लास ८५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, तिच्या पेट्रोल-डिझेल बहिणी ७०० वर थांबतात. आमच्या ओढ्यात एवढं पाणी नव्हतं. पण गाडी मध्यावर आली आणि दाराच्या पत्र्याला लागणारं पाणी मला ऐकू आलं. चुळुकचुळुक. इतकी वर्षं मी ओढे ओलांडतोय, पण ओढा ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा. हे मी भाचीला बोललो नाही.

आता पेट्रोलचं बघा. नव्या स्काऊटचे दोन प्रकार सांगितलेत. एक निव्वळ बॅटरीवर सुमारे ५६० किलोमीटर जाणारा. दुसऱ्यात पेट्रोलचं लहानसं इंजिन आहे. चाकांशी त्याचा संबंध नाही, ते फक्त बॅटरी भरत राहतं, आणि मग पल्ला ८०० च्या घरात जातो. त्या इंजिनाला नाव दिलंय 'हार्वेस्टर'. १०० डॉलर भरून ज्यांनी नावं नोंदवली, त्यांतल्या दहातल्या आठांहून अधिक जणांनी हा दुसरा प्रकार मागितला. म्हणजे विजेची गाडी हवी, पण पेट्रोलवर चालणारी! मला हसू आलं आणि लगेच आवरलं, कारण माझ्या गाडीच्या पाठीला २० लिटरचा पत्र्याचा कॅन बांधलेला असतो. त्यातलं पेट्रोल भरतं जेमतेम १५ किलो. पण एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा, म्हणजे कॅनमध्ये १८० युनिट. एवढी ऊर्जा साठवणारी बॅटरी एकट्यादुकट्यानं उचलायचं नावच नको. "त्यातलं पाऊण तर तुझं इंजिन उष्णतेत घालवतं," भाची म्हणते. बरोबर आहे. हिशोबात ती जिंकते. पण कॅन उचलून मी वळणापलीकडे अडलेल्या माणसापर्यंत चालत जाऊ शकतो. गाडीतून गाडीला वीज देता येते हेही तिनं सांगितलं. येत असेल, पण त्यासाठी माझी गाडी त्याच्या गाडीला भिडायला हवी, आणि तिथवर गाडी जात असती तर तो अडला कशाला असता?

खरं दुखणं याच्याही पुढचं आहे. एकदा, घरापासून बऱ्याच लांब, माझ्या ॲक्सिलरेटरची केबल तुटली. मी उजव्या बुटाची नाडी सोडली (उजव्या पायाला आता ब्रेकपुरतंच काम उरलं होतं), कार्बुरेटरच्या खटक्याला बांधली, तुटक्या केबलचा तुकडा जोडून लांबी वाढवली, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून खिडकीतून आत घेतली. मग एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात नाडी, असा बैलगाडी हाकल्यासारखा घरी आलो. गिअर बदलायला तिसरा हात नव्हता, म्हणून सगळा रस्ता दुसऱ्यात. ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल, याची मोजदाद घरच्यांनी ठेवलेली आहे.

भाचीच्या गाडीत असं काही झालं तर पडद्यावर अक्षरं येतात: सेवा केंद्राशी संपर्क साधा. जिथं असं होतं, तिथं फोनला रेंज नसते. नारिंगी केबलना हात लावायचा नाही हे मला कळतं; त्यांतून शेकडो व्होल्ट जातात, तिथं नाडीचं काम नाही. पण दिवा, पंप, फ्यूज, दाराची बिजागरी, सस्पेन्शनचा बूश, यांना तरी माझा साधा पाना लागू दे की! निदान काय मोडलंय ते तरी सांग. 'बिघाड आहे' एवढं तर मलाही दिसतंय, बाई, मी ओढ्याकाठी उभा आहे.

आम्हा जुन्या मालकांचं एकूण मागणं कागदावर उतरवलं, तर वाचणाऱ्याला आमची कीव येईल. आम्हाला अगदी जुनीच गाडी हवी, फक्त ती बंद पडायला नको. आणि पडली, तर ती आम्हालाच सुरू करता यायला हवी, कंपनीच्या माणसाला नव्हे. ती दणकट हवी, पण पहिला ओरखडा पडल्यावर रात्रभर झोप उडेल इतकी महाग नको. नवी हवी, पण तिच्याशी बोलता यायला हवं. आमच्यातल्या एकानं तर विचारलं होतं की नुसता शोभेचा गिअरचा दांडा बसवून मिळेल का. त्याला आम्ही हसलो. घरी येईपर्यंत प्रत्येकाला ती कल्पना पटलेली होती.

पुढच्या रविवारी भाचीला माझ्या गाडीतून नेलं. चिखल लागला तसा मी थांबलो आणि म्हटलं, "उतर, हब लॉक कर."

"म्हणजे?"

जुन्या गाड्यांत नुसता दांडा ओढून पुढची चाकं कामाला लागत नाहीत. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधली चकती हातानं फिरवावी लागते. पाऊस असो, चिखल असो, अंगावर नवा शर्ट असो. फार गैरसोयीची गोष्ट आहे. पण तेवढ्या निमित्तानं माणूस उतरतो, पुढचा रस्ता बघतो, टायरवर हात फिरवतो.

ती डाव्या चाकाशी उकिडवी बसली. चकती हलेना. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. तिनं बाही वर केली, दोन्ही हातांनी धरली आणि दात आवळून फिरवली. टक्!

"झालं?"

"झालं. आता उजवं."

ती उठली नाही. चकती उलटी फिरवून तिनं हब सोडला, आणि पुन्हा फिरवला. टक्!

"थांब, अजून एकदा," ती म्हणाली.