डावी बाजू

मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. किणी टोलनाक्याच्या अलीकडे.

ढाब्याच्या आवारात गाडी लावली आहे. सकाळी सातला लासलगाव सोडलं. दहा चाकी, १६ टन उन्हाळ कांदा, जायचंय बंगळूरला. सोबत कोणी नाही. सहा वर्षं माझ्या गाडीवर असलेल्या पोराने मार्चमध्ये स्वतःचा छोटा हत्ती घेतला. फार बरं वाटलं, स्टिअरिंग मीच त्याच्या हातात दिलं होतं. दुसरा क्लीनर मिळेल, पण भाड्यात त्याचा पगार बसत नाही. हल्ली बऱ्याच गाड्या एकट्या माणसावर चालतात. उन्हाळ्यात निभून गेलं. पावसातली ही पहिलीच खेप.

संगमनेरपर्यंत रिमझिम होती, चाकणला नेहमीचे दोन तास गेले. खंबाटकी चढायला लागलो आणि धुकं उतरलं. पुढच्या टेम्पोचा लाल दिवा तेवढा दिसत होता. दुसऱ्या गिअरवर गाडी रांगत होती. उजवी बाजू माझी मला दिसते, पण डावीकडच्या काचेवर आतून वाफ आणि बाहेरून पाणी. आरसा नुसता चमकत होता, त्यात काही दिसत नव्हतं. तिकडची काच पुसायला पोरगा एक फडकं ठेवायचा, ते अजून खिडकीच्या दांडीला बांधलेलं आहे. तिथवर माझा हात पोचत नाही. स्टिअरिंग सोडून वाकावं लागतं, आणि भरल्या गाडीने घाटात ते करायचं नसतं.

तो असता तर काच खाली करून, पावसात डोकं बाहेर काढून बसला असता. दारावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. कधी कधी नुसतं, "लेफ्टला मोटारसायकल आहे, उस्ताद." आज ती मोटारसायकल खरंच होती. रेनकोट घातलेला माणूस, मागे बाई, बाईच्या मांडीवर लेकरू. वळणावर मी डावीकडे दाबत होतो आणि तो माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर. त्याने हॉर्न दिला म्हणून कळलं. माथ्यावर गाडी बाजूला घेतली तरी पाय थरथरत होते. त्या बाईने वळूनही पाहिलं नाही, तिला कळलंच नसेल. मला मात्र ते लेकरू अजून दिसतंय.

कराडच्या पुढे ताडपत्री सुटली. ती बांधायला दोघं लागतात, एक वर आणि एक खालून दोर ओढणारा. मी वर चढलो, दोर फेकला, खाली उतरलो, आवळला, परत वर. अर्धा तास. कांद्याचं पावसातलं दुखणं वेगळंच आहे. झाकला नाही तर भिजतो, गच्च झाकला तर आतल्या आत तापून त्याला घाम सुटतो आणि दोन दिवसांत काजळी धरते. गोणी ओली दिसली की बाजारात भाव पडलाच. म्हणून मागच्या बाजूला वीतभर फट ठेवायची. ती युक्ती त्याचीच.

आता पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४१ फुटांवर आहे म्हणतात. इशारा ३९ ला, धोका ४३ ला. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत आणि वर पाऊस थांबलेला नाही. ढाब्यावरचे सगळे म्हणतात, आत्ताच निघा, सकाळी रस्ता मिळेल न मिळेल. त्यांचं चुकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा आम्ही दोघं याच पट्ट्यात पाच रात्री अडकलो होतो. तेव्हाही कांदाच होता, निम्मा सडला. गावातली माणसं डोक्यावर पाट्या घेऊन यायची, भाकरी आणि झुणका. कोणी गाडीचा नंबर विचारला नाही की गाव. पोरगा जेवला आणि त्यांच्याच पाट्या धुऊन द्यायला लागला.

तरी मी निघणार नाही. सोळा तास झालेत, डोळे मिटताहेत, आणि शेजारी गदागदा हलवायला कोणी नाही. कांदा सडला तर सडला. तीन तास झोपतो.

बुधवार, सकाळ. कागल.

पहाटे तीनला उठलो. पाणी ४२ फूट. सहाच्या सुमारास शिरोलीचा पूल ओलांडला. उजाडत होतं. दोन्ही बाजूंना ऊस पाण्यात, फक्त शेंडे वर, ते एका दिशेला झुकलेले. रस्ता कोरडा होता.

कागलला चहा घेतला आणि त्याला फोन लावला. तो बाजारात माल भरत होता. पंचगंगा किती आहे, हे आधी विचारलं. मग म्हणाला, "मागून फट ठेवली ना, उस्ताद?"

ठेवली होती. पाऊस उघडला होता, तरी फोन चालू ठेवूनच मागे गेलो. ताडपत्री वर केली आणि एका गोणीवर तळहात ठेवला. कोमट होती, ओली नव्हती. त्याला तसं सांगितलं.