पोस्टमास्तरांच्या मुलीचं मत

२२ मे २०२४, बुधवार

संध्याकाळी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात उभं राहून निवडणूक जाहीर केली. ४ जुलै. कोट खांद्यांवर भिजून काळा पडलेला. मंदार म्हणाला, "एवढ्या मोठ्या घरात एक छत्री मिळेना का यांना?" मी आमटीला फोडणी घालत होते. तेवढ्यात डोक्यात आलं की यंदा मलाही मत आहे.

खरं तर आधीपासूनच होतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथं रीतसर राहत असेल तर त्याला इथल्या संसदेसाठी मत देता येतं, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. २०१९ला नाव नोंदवायचा आळस केला होता. सांगलीला मत द्यायचं तर स्वतः तिथं जायला हवं. ७ मेला तिथं मतदान झालं, तेव्हा मी वॉटर्लूच्या गाडीत दांडा धरून उभी होते.

आमचा मतदारसंघ किंग्स्टन अँड सर्बिटन. म्हणजे मतपत्रिकेवर साक्षात एड डेव्ही, लिबरल डेमोक्रॅट्सचे नेते. बाकीचा देश त्यांना टीव्हीवर जोखणार, आम्ही मात्र त्यांच्या नावापुढे खूण करणार किंवा नाही करणार.

२८ मे

डेव्ही विंडरमियर तळ्यात पॅडलबोर्डवरून पडले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मुद्दा होता पाण्यात सोडल्या जाणाऱ्या मैल्याचा, पण लक्षात राहिला तो धप्पकन आवाज. ईरा हसून हसून लोळली. मला जरा राग आला. कृष्णाकाठची माणूस मी, नदीच्या घाणीवर बोलायचं तर सरळ बोला की. मंदारचं म्हणणं, तिसऱ्या पक्षाकडे कॅमेरा वळतच नाही, पाण्यात पडल्याशिवाय. तेही खरं असेल.

४ जून

सांगलीचा निकाल. विशाल पाटील अपक्ष निवडून आले, भाजप आणि महाविकास आघाडी दोघांनाही मागे टाकून. अण्णा फोनवर खुशीत. "लिफाफ्याचं बटण दाबलं गं मी. आयुष्यभर लिफाफेच हाताळले, म्हटलं हाही एक." मग म्हणाले, "तुझ्याकडं कोण उभं आहे?" मी डेव्हींचं नाव घेतलं. पोस्ट खात्याचे मंत्री होते एकेकाळी, एवढंच सांगितलं. पुढचं सांगायचं धाडस झालं नाही.

९ जून

डेव्हींची प्रचारफीत पाहिली. नेत्यांच्या घरगुती फितींना मी सहसा भुलत नाही. पण हा माणूस चार वर्षांचा असताना वडील गेले, पंधराव्या वर्षी आई, आणि कॅन्सरमध्ये तिची शुश्रूषा यानेच केलेली. आता मुलगा जॉन, ज्याला चोवीस तास कुणीतरी लागतं.

मला आत्या आठवली. बाळूदादाला भरवणं, अंघोळ, कूस बदलणं, सगळं तिच्याच हातचं. माझ्या लग्नात ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, चप्पल न काढता. अक्षता पडल्या आणि उठलीच. शेजारीण पाचपर्यंतच थांबणार होती. जेवली नाही. आईने डबा बांधून दिला.

अंघोळ घालणं, कपडे बदलणं असल्या देखभालीचा खर्च सरकारने उचलावा, स्कॉटलंडमध्ये होतं तसं इंग्लंडमध्येही, असं ते म्हणतात. पैसा कुठून येणार, हा माझ्यातल्या अकाउंटंटचा प्रश्न. तरी हे बोलणारा माणूस कूस बदलणं म्हणजे काय ते जाणून आहे, एवढं नक्की.

२१ जून

काल रात्री बीबीसीवर यॉर्कहून नेत्यांना प्रश्नोत्तरं. डेव्हींच्या वाट्याला दोन जुनी भुतं आली. एक विद्यापीठाच्या शुल्काचं. २०१०ला शुल्कवाढीविरुद्ध लेखी शब्द देऊन निवडून आले, मग हुजूर पक्षाबरोबर सरकारात बसले आणि शुल्क ९,००० पौंडांपर्यंत जाऊ दिलं. लोकांनी २०१५ला आठ जागांवर आणून ठेवलं. डेव्हींचीही जागा गेली होती तेव्हा. तो हिशेब लोकांनी चुकता केला, असं मी धरते. मंदार धरत नाही, ईराचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय.

दुसरं भूत पोस्टाचं. ते मला झोपू देत नाही.

अण्णा तासगाव तालुक्यातल्या एका गावात सब-पोस्टमास्तर होते. संध्याकाळी मनिऑर्डरी, तिकिटं, बचत खाती, सगळ्याचा ताळा लागल्याशिवाय कुलूप लागायचं नाही. एकदा चाळीस रुपये कमी पडले. मी डबा घेऊन गेले तर कंदिलाच्या उजेडात ते पावत्या एकेक करून उलटत होते. अकराला सापडलं. एक पावती शाईच्या पॅडखाली चिकटली होती. घरी येताना गप्प होते. म्हणाले, "नसती सापडली तर चोर ठरलो असतो."

इथल्या पोस्टमास्तरांना उलटायला पावत्याच नव्हत्या. होरायझन नावाची सदोष संगणकप्रणाली म्हणेल ती तूट खरी, आणि करारानुसार ती खिशातून भरायची. हॅम्पशायरच्या जो हॅमिल्टन यांनी मदतीसाठी फोन केला, सांगितलं तसं केलं, तर डोळ्यांदेखत दोन हजारांची तूट चार हजार झाली. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांवर गुन्हे शाबित झाले. त्यातल्याच सीमा मिश्रांचं वेस्ट बायफ्लीट तर आमच्याच रेल्वे लाईनवर. नोव्हेंबर २०१०मध्ये गरोदर असताना तुरुंगात धाडलं त्यांना. शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं.

आणि त्याच वर्षी, मे २०१०मध्ये, या पोस्टमास्तरांसाठी लढणारे ॲलन बेट्स यांनी नव्या पोस्ट मंत्र्याला भेट मागितली. भेटून काही उपयोग होणार नाही, असं उत्तर गेलं. खाली सही एड डेव्ही. ऑक्टोबरमध्ये भेटले, हे खरं. पोस्टाने आपल्याशी खोटं बोललं असं ते सांगतात, माफीही मागितली आहे. त्या वर्षांत तिन्ही पक्षांचे मंत्री त्या खुर्चीवर बसून गेले, हेही खरं. पण माझ्या मतपत्रिकेवर नाव यांचंच आहे.

मी ऑफिसात अशी पत्रं पाहते. खालच्याने मसुदा करायचा, वरच्याने सही. शुक्रवारी दुपारी मीही न वाचता सह्या केल्यात. म्हणून जास्तच लागतं ते.

३० जून

दारात पत्रकांचा खच. प्रत्येकावर ठोकळ्यांचा तक्ता, "इथं फक्त आम्हीच जिंकू शकतो". एका तक्त्यात ठोकळ्यांची उंची आणि खालचे आकडे यांचा काही संबंध नव्हता. अण्णांनी परत पाठवला असता.

४ जुलै, गुरुवार

सुट्टी नाही. सातला केंद्र उघडलं, सव्वासातला मी हजर, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. यंदा पहिल्यांदाच संसदेच्या निवडणुकीला फोटोची ओळखपत्रं लागतात, आणि आपला पासपोर्ट चालतो. टेबलामागच्या बाईंनी तीन सिंहांचं निळं पुस्तक उघडलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, यादीत नावावर रेघ मारली. बोटाला शाई नाही. यंत्र नाही. लाकडी आडोशात दोरीला बांधलेली बोथट पेन्सिल.

गाडीत बसल्यावर अण्णांना फोन केला. शिक्का की बटण, त्यांनी विचारलं. म्हटलं, पेन्सिलीने फुली मारतात.

"फुली?" अण्णा म्हणाले. "अगं, चुकलेल्या रकमेवर मारतात ती."

"इथं हव्या असलेल्या माणसापुढं मारतात."

"मग कुणापुढं मारलीस?"

डेव्हींचं नाव सांगितलं. आणि मग, बेरीलँड्स स्टेशनपर्यंत, ते पत्रही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत्याला सांगू का, कुणाला दिलंस ते?"

"सांगा," म्हटलं. पुढचं स्टेशन विंबल्डन होतं, टेनिसची गर्दी आत घुसली आणि आवाज तुटला.