एक्सरे चांगलाय, खुबा दुखतोय

"आता काय दुखतंय ओ, नवीन बसवलंय की!" हे वाक्य मी मार्केट यार्डात रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. हमाल म्हणतात, अडते म्हणतात, चहा घेऊन येणारं पोरगं पण म्हणतं, काका अजून काठी? त्यांचा काही दोष नाही, कारण खुबा बदलला म्हणजे गाडीचा पार्ट बदलल्यासारखं असणार असं मलाही वाटायचं. पार्ट बदलला, खडखड थांबली, विषय संपला. पण खुब्याभोवती मांस असतं, शिरा असतात, वर कंबर असते, आणि त्यातलं काहीही त्या डब्यातून नवीन येत नाही.

थोडक्यात सांगतो. मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. त्वचेच्या आजारासाठी बरीच वर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या आणि उजव्या खुब्याचा एव्हीएन झाला. म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त मिळेनासं होतं, तो आतून मरतो आणि मग खचतो. स्टेरॉईड आणि दारू ही नेहमीची दोन कारणं, कधी मार लागूनही होतो, आणि काहींना कारणच सापडत नाही. शेवटी हिप रिप्लेसमेंट झालं, सिमेंट न वापरता बसवतात ते. आणि खरं सांगायचं तर ते जांघेतलं खोल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं ऑपरेशननंतर गेलं ते गेलंच. त्यासाठी मी त्या सर्जनला आजही हात जोडतो.

मग काही महिन्यांनी दुसरंच दुखणं चालू झालं.

दाखवायला गेलो की एक्सरे निघायचा, लाइटवर लागायचा, "एकदम मस्त बसलाय, चाला, वजन कमी करा", आणि पुढचा पेशंट. बाहेर येऊन लंगडत रिक्षात बसायचं. दुखणं दहापैकी किती असं विचारतात ना, मला त्या प्रश्नाचा फार राग येतो. सहा म्हटलं तर काय आणि सात म्हटलं तर काय? पोत्यात हळद किती आहे हे कळलं म्हणून ती राजापुरी आहे का सेलम हे कळतं का? कुठं दुखतं, कधी दुखतं, काय केल्यावर दुखतं हे विचारा की राव.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की एक्सरे चांगला आहे हेही खरं असतं आणि पाय दुखतो हेही खरं असतं. आणि आपण एकटे नाही. 2012 साली बीएमजे ओपन या वैद्यकीय मासिकात ब्रिटनमधल्या संशोधकांनी बऱ्याच जुन्या अभ्यासांचा मेळ घातला होता, त्यात वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये हिप बदललेल्यांपैकी 7 ते 23 टक्के लोकांना पुढे दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहिलेलं दिसलं. गुडघ्याचा आकडा तर आणखी जास्त, 10 ते 34. म्हणजे बहुतेकांचं चांगलं होतं, ते मान्यच, पण उरलेले लोक काही नाटकं करत नाहीत. 1962 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली नावाच्या सर्जननी धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असं जे बसवायला सुरुवात केली त्याचंच सुधारलेलं रूप आज आपल्या आत आहे, आणि ते भारीच आहे. पण भारी ऑपरेशन झालेल्या माणसाला दुखू नये असा कुठं नियम आहे?

वहीचं सांगतो. आयुष्यभर रोजकीर्द लिहिलेला माणूस मी, म्हणून दुकानातली एक जुनी लांब वही घेतली आणि चार रकाने आखले. कुठं, कधी, कशानं, किती वेळ. "लई दुखलं" असं लिहायचं नाही हा एकच नियम. बायको हसली, म्हणाली, "अहो, दुखण्याची पण खतावणी काय?" पण काही आठवड्यांनी पानं उलटली तर दिसलं की मी ज्याला एक दुखणं समजत होतो ती तीन वेगवेगळी खाती होती.

पहिलं, खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथं हाड हाताला लागतं तिथं. त्या कुशीवर झोपलं की, जिना चढताना, आणि काठी विसरून यार्डात दोन चकरा जास्त झाल्या की. दुसरं, मांडीच्या मधोमध पुढून, आणि तेही फक्त बसून उठल्यावरची पहिली काही पावलं, मग सुटायचं. तिसरं कुल्ह्यातून पोटरीपर्यंत जाणारी ओढ, मुंग्यांसकट, आणि ते उभं राहिल्यावर यायचं, बसलं की कमी व्हायचं.

ही वही घेऊन मिरजेला दुसऱ्या एका हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो. मिरजेला आपल्याकडं सगळेच जातात, कर्नाटकातून पण येतात, वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी 1894 ला दवाखाना काढला तेव्हापासून गावाला डॉक्टरांचीच सवय. त्या डॉक्टरांनी वही खरंच वाचली. मग अंगठ्यानं त्या बाहेरच्या हाडावर दाबलं आणि मी टेबलावरून उडालोच. म्हणाले, हा सांधा नाही बोलत, हा त्याच्या बाजूचा स्नायू आणि त्याखालची गादी बोलतेय. एव्हीएनमध्ये मी कित्येक दिवस लंगडत काढले होते, तो स्नायू तेव्हाच मेला होता जणू, ऑपरेशननंतर त्याच्यावर अचानक सगळं वजन आलं.

मांडीतल्या दुखण्यावर मात्र त्यांनी वेळ घेतला. बिनसिमेंटच्या सांध्यात मांडीच्या हाडात घातलेला दांडा घट्ट होईपर्यंत मांडी दुखू शकते आणि बऱ्याच जणांचं वर्ष-दोन वर्षांत कमी होतं, पण तेच दुखणं वाढत गेलं तर दांडा सैल होतोय का हे बघावं लागतं. म्हणून ऑपरेशननंतरचे सगळे एक्सरे ओळीनं लावून दांड्याच्या कडेला काळी रेघ आलीय का, दांडा खाली सरकलाय का हे तपासलं. एकच एक्सरे बघून हे कळत नाही. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या केल्या, कारण आत जंतू बसले असतील तर दुखणं बसल्या जागी आणि रात्री पण राहतं. शंका वाटली तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासतात, माझ्यावर ती वेळ आली नाही. तिसऱ्या खात्यासाठी कंबरेचा एमआरआय. (आत धातू आहे म्हणून एमआरआय होत नाही असं आमच्या गल्लीत ठाम मत आहे. होतो. फक्त आधी सांगायचं.) निघाली कंबरेतली नस दाबलेली. म्हणजे खुब्याचा त्यात काही संबंधच नाही, मी उगाच त्याच्या नावावर खर्ची घालत होतो.

जांघेत दुखत असेल तर आणखी वेगळी गोष्ट, तिथं वाटीच्या कडेला पुढचा स्नायू घासत असू शकतो. आणि ज्यांच्यात धातूवर धातू असा जुना सांधा आहे त्यांनी तर नक्की दाखवावं. डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा 2010 मध्ये जगभरातून परत मागवला होता, आपल्या देशात पण तो बसवलेले लोक आहेत. धातू झिजून रक्तात उतरतो का हे बघायला रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासतात.

मग फिजिओ. मुलगी माझ्या पोरीच्या वयाची, पण शाळेतल्या मास्तरासारखी कडक. डाव्या कुशीवर झोपायचं, पाठ आणि टाच भिंतीला लावायची आणि उजवा पाय भिंतीला घासत वर न्यायचा. मी आधी घरी हाच व्यायाम करायचो तेव्हा पाय नकळत पुढं यायचा आणि भलताच स्नायू काम करायचा, पाय वर जातोय म्हणून मी खूश. भिंतीला टाच लावल्यावर वीतभर पण वर जाईना! "काका, टाच सुटली. परत." असं तिचं चालायचं. भिंतीवर मोज्याचा काळा पट्टा उमटलाय, बायकोनं तो पुसू दिला नाही कारण तो हळूहळू वर सरकताना दिसतो.

काठी डाव्या हातात. हे मी यार्डात कितीदा समजावलं असेल देव जाणे. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डावीकडं, म्हणजे उजवा पाय टेकताना त्या बाजूच्या स्नायूवरचा ताण निम्म्यावर नाही पण बराच उतरतो. दुखणाऱ्या बाजूला काठी धरून लोक उलट आणखी वाकडे चालतात. सिनेमात पण असंच दाखवतात.

गोळ्यांचं म्हणाल तर दुखण्यावरची डायक्लोफिनॅक घरात ठेवलीच नाही. मला बीपी आहे, किडनीचं काय होतं ते शेठच्या भावाच्या डायलिसिसला बघितलंय. पॅरासिटामॉल, तेही वहीत लिहून. कंबरेच्या नसेसाठी प्रीगाबालीन दिली होती, तिनं ओढ कमी झाली पण दुपारी बिलं बघताना आकडे पोहायला लागायचे, मग डॉक्टरांना विचारून रात्रीचीच ठेवली. आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते ती.

दुकानात गादीवर मांडी घालून बसणं गेलं, ते मात्र मनाला लागलं. शेठनी उंच खुर्ची दिली, गुडघ्यापेक्षा बसायची जागा वर पाहिजे म्हणून खाली लाकडी ठोकळे. सीझनला, फेब्रुवारीपासून सौदे जोरात असतात तेव्हा, दर अर्ध्या तासानं उठून पोत्यांपर्यंत जाऊन येतो, मग ग्राहक ताटकळला तरी चालेल. पंगतीला बसत नाही, लग्नात म्हाताऱ्यांच्या टेबलावर वाढून घेतो, वय पन्नाशीच्या आत. हरिपूरला संगमेश्वराला गेलो तरी प्रदक्षिणा बाकीच्यांची, मी बाकावर. रात्री दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पावसाळ्यात लोखंड गारठतं म्हणून जास्त दुखतं असं सगळे म्हणतात, माझ्या वहीत तसं काही दिसत नाही. पावसाळ्यात चालणं बंद होतं आणि म्हणून दुखतं, असं दिसतं.

बाहेरच्या बाजूचं दुखणं आता बरंच बसलंय. मांडीचं अधूनमधून येतं. कंबरेचं आहे तसंच आहे आणि राहील बहुतेक, त्याच्याशी माझं जमवून घेणं चालू आहे. एखाद्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तिन्ही खाती एकदम उघडतात तेव्हा चिडचिड होते, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि इतका खर्च केला, लोकांनी रक्ताचं पाणी केलं, तरी हा कुरकुरतोच असं कुणी म्हणेल म्हणून ते सांगावंसंही वाटत नाही. त्या दिवशी मी व्यायाम निम्मा करतो आणि बायकोला सरळ सांगतो की आज दिवस खराब आहे. ती पण मग फोन घ्यायला स्वतः उठते, मला हाक मारत नाही.

हे मात्र घरी बसून वहीत लिहायचं नाही, लगेच गाठायचं: ताप, टाक्यांच्या जागी लाली किंवा पाणी येणं, पोटरी सुजून गरम होणं, धडपडल्यावर पाय टेकताच न येणं, किंवा पाय एकदम आखूड आणि वाकडा दिसणं.

आणि ऑपरेशनच्या फाईलमध्ये सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर चिकटवलेले असतात, कंपनी, साइज, नंबर. ते पान कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. पुढं कधी कुठला डॉक्टर आत काय बसवलंय विचारेल तेव्हा "बॉल बसवलाय" हे उत्तर चालत नाही. आमचं ते पान रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, जुन्या एक्सरेंच्या वर, आणि पोराच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो.