तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुणीला कशासाठी बोलावले?

सुगम संगीताच्या माझ्या वर्गात युगुलगीत शिकवायची वेळ आली की पहिल्या दिवशी मी पेटी उघडत नाही. एक अमेरिकी गाणे दोनदा ऐकवते, आधी एकट्या गायकाचे आणि मग तेच दोघांचे. गाणे ‘बॉन जोव्ही’ या रॉक बँडचे आहे, ‘हू सेज यू कान्ट गो होम’. दुसऱ्या रूपात बँडचा गायक जॉन बॉन जोव्ही याच्याबरोबर ‘शुगरलँड’ या कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली) गटाची जेनिफर नेटल्स गाते. ऐकून झाले की कोणी ना कोणी, बहुधा मुलांना न्यायला आलेल्या पालकांपैकीच, विचारते, “बाई, एकट्याचे गाणे चांगले जमलेले असताना त्यात दुसरी गायिका कशासाठी आणली? कंट्रीच्या रेडिओवर वाजावे म्हणूनच ना?”

रेडिओचा मुद्दा खोटा नाही. अमेरिकेत कंट्रीची केंद्रे वेगळी आणि रॉकची वेगळी, आणि त्या काळी ‘बिलबोर्ड’ या संगीत नियतकालिकाची कंट्री गाण्यांची क्रमवारी कंट्री केंद्रांवर गाणे किती वाजले यावरूनच ठरत असे. बॉन जोव्हीची गाणी पूर्वीपासून गुराख्यांच्या आणि घोड्यांच्या प्रतिमांशी खेळत आली असली, तरी न्यू जर्सीचा हा बँड त्या केंद्रांच्या दृष्टीने परकाच होता. नेटल्स मात्र जॉर्जियाची, आणि २००४ साली आलेल्या शुगरलँडच्या पहिल्याच अल्बमने तिचा आवाज त्या श्रोत्यांच्या कानांत बसला होता. म्हणजे गाणे ज्याचे तो यजमान आणि ती पाहुणी असे कागदावर दिसत असले, तरी कंट्रीच्या घरात शिरताना खरा पाहुणा तोच होता आणि दार तिने उघडले. ‘हॅव अ नाइस डे’ हा अल्बम २००५ साली आला, त्यात गाण्याची दोन्ही रूपे होती, आणि मे २००६ मध्ये हे युगुलगीत कंट्रीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचले. तिथवर पोहोचलेला हा पहिलाच रॉक बँड ठरला.

पण केवळ रेडिओसाठीच कोणी हवे असते, तर नेटल्सची गरज पडली नसती, कारण तिच्याआधी हे गाणे कीथ अर्बनबरोबर करून पाहिले होते. अर्बन त्या वेळी कंट्रीमध्ये तिच्यापेक्षा कितीतरी मोठे नाव होते. तरीही जॉनला ते रूप पटले नाही, कारण अर्बनचा आवाज त्याच्या स्वतःच्या आवाजाच्या फार जवळ जात होता. मग त्याने गायिका सुचवायला सांगितले आणि नेटल्सचे नाव पुढे आले. युगुलगीताबद्दल मला वर्गात जे सांगायचे असते त्याचा अर्धा भाग या एका नकारात आहे. दोन आवाज सुरेल असणे पुरत नाही. एकाने ओळ सोडली आणि दुसऱ्याने उचलली, हे डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही कळले पाहिजे. तसे कळत नसेल, तर दुसरा गायक म्हणजे नुसती भर.

उरलेला अर्धा भाग शब्दांत आहे. गाणे आपले गाव सोडून जगभर भटकलेल्या आणि आता घरी परतता येत नाही असे म्हणतो तरी कोण, असे विचारणाऱ्या माणसाचे आहे. एकटा जॉन गातो तेव्हा ती एका माणसाची, थोडी फुशारकी मारत सांगितलेली हकीकत वाटते. त्याच चालीवर नेटल्सचा भरदार, दक्षिणेकडच्या ढंगाने शब्द ओढणारा आवाज आला की ‘मी’ तोच राहतो, पण गावे दोन होतात. आपल्याकडे युगुलगीत म्हटले की नायक, नायिका आणि त्यांचे रुसवेफुगवे आलेच. इथे मात्र दोघांचे एकमेकांशी काहीच नाते नाही. दोघे शेजारी उभे राहून आपापल्या घराबद्दल बोलतात, आणि ध्रुवपदात एकत्र येतात तेही एकमेकांसाठी नव्हे, तर दोघांची गोष्ट सारखी निघाली म्हणून. मला हे फार आवडते, आणि मराठीत असे आणखी व्हावे असे वाटते.

यावर एक हुशार मुलगा मागे म्हणाला, “मग दोन पुरुषांचे युगुलगीत होणारच नाही?” होते की. ‘झॅक ब्राउन बँड’ या कंट्री गटाने २०१० साली ज्येष्ठ कंट्री गायक अ‍ॅलन जॅक्सनला बोलावून केलेले ‘अ‍ॅज शीज वॉकिंग अवे’ हे गाणे तसेच आहे. त्यात एका मुलीशी बोलायला कचरणारा तरुण आहे आणि त्याला धीर देणारा, पावसाळे पाहिलेला वडीलधारा माणूस आहे. जॅक्सनचे वय आणि त्याची संथ, ठाय गायकी यांमुळे तिथे कोण बोलतो आहे याचा क्षणभरही घोळ होत नाही. फरक स्त्री आणि पुरुष असाच असावा लागतो असे नाही. तो ऐकू यावा लागतो, आणि गाण्यातल्या गोष्टीला त्याची गरज असावी लागते.

गायनातल्या कंट्री सहयोगाचे ग्रॅमी या दोन्ही गाण्यांना मिळाले, पहिल्याला २००७ मध्ये आणि दुसऱ्याला २०११ मध्ये. बॉन जोव्हीसारख्या नावाजलेल्या बँडचे ते पहिलेच ग्रॅमी होते, हे सांगितले की पालकांना गाणे एकदम अधिक चांगले वाटू लागते. त्यानंतर त्या बँडने कंट्रीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिल शहराचा रंग असलेला ‘लॉस्ट हायवे’ हा अल्बम २००७ साली काढला, आणि त्यातल्या एका गाण्यात कंट्री गायिका लीअ‍ॅन राइम्स पाहुणी होती. ते मात्र दुरावलेल्या जोडप्याचे, आपल्या ओळखीच्या वळणाचे युगुलगीत आहे. ते मी तिसऱ्या दिवशी ऐकवते, कारण तोवर मुले “बाई, पेटी कधी उघडणार?” असे विचारू लागलेली असतात.